शब्दचर्चा: कॅफे ओ लेच्या फ्रेंच 'बोल'ला वाडगा म्हणावे का?

प्रश्न: फ्रान्समध्ये सकाळची दूध-कॉफी बिनकानाच्या, खाली बैठक असलेल्या भांड्यातून पितात. मराठीत कोणी 'वाटी' लिहितं, कोणी 'बाउल'. 'वाडगा' चालेल? आणि जुनी भांडी विकणाऱ्यांचे 'एग्रन्यूर', 'फेल', 'त्रेसायाज' म्हणजे काय?

प्रतिसाद १: वाडगाच. यात तीन-चारशे मिली कॉफी सहज मावते, पाव बुडवायला तोंडही रुंद असतं; वाटीत ते कुठलं जमायला! फ्रेंच 'बोल' हा मुळात इंग्रजीतूनच गेलेला शब्द. बाहेरून पैलू पाडलेला असेल तर 'कंगोरेदार' लिहा.

प्रतिसाद २: 'बिनकानाचा' सरसकट नको. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या वाडग्यांना दोन कान असतात, वर बहुधा माणसाचं नाव रंगवलेलं.

एग्रन्यूर म्हणजे काठाचा बारीक टवका. फेल म्हणजे चीर. त्रेसायाज म्हणजे झिलईतल्या तड्यांची जाळी. सच्छिद्र फायाँस (झिलई दिलेली भाजलेली माती) ओलावा शोषून किंचित फुगतं, झिलई ताणली जाते आणि तडकते. जाळी झिलईपुरतीच राहते, चीर मात्र आतबाहेर एकाच जागी दिसते. वाडगा तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. चीर असेल तर बद्द वाजतो. फायाँस पोर्सेलिनइतकं खणखणत नाही, म्हणून शेजारी त्याच जातीचा धड वाडगा वाजवून पाहा.

प्रश्न: जाळीत मुरलेला तपकिरी डाग जातो?

प्रतिसाद २: बराचसा. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ठेवा, मग सावकाश वाळवा. वाळताना आतला डाग पुन्हा वर येतो, तेव्हा तेच परत करायचं. क्लोरीनचं ब्लीच नकोच. त्याचे क्षार झिलईखाली स्फटिक धरतात आणि पापुद्रे सुटतात.

प्रतिसाद १: बुडाचा शिक्काही वाचा. 1871 मध्ये फायाँससाठी प्रसिद्ध असलेलं सारग्मीन गाव जर्मनीत गेलं, त्यानंतर फ्रेंच बाजारासाठी तिथल्या कंपनीने फ्रान्समधल्या दिग्वँला कारखाना काढला. दोन्ही नावं एकत्र असलेला शिक्का 20व्या शतकातला. तोच दाखवून कोणी 'दीडशे वर्षं जुना' म्हणालं तर भाव पाडून मागा.

प्रतिसाद २: जुन्या झिलईत शिसं असू शकतं. जाळी पडलेल्या वाडग्यातून रोज कॉफी पिऊ नका, लिंबू-टोमॅटोचं काही तर नाहीच.