मदत हवी आहे: भाच्याची ओरिजिनल सीडीसी (खलाशाचा सरकारी नोंद-दाखला) एजंटकडे ठेवू का?

मंडळी, सोमवारपर्यंत एजंटाला उत्तर द्यायचंय, म्हणून जरा घाईत लिहितोय.

भाच्याचा जी.पी. रेटिंगचा (साध्या खलाशाच्या कामाचा) सहा महिन्यांचा कोर्स झाला, सीडीसी आली, मुंबईला जाऊन बायोमेट्रिक ओळखकार्डही (बीएसआयडी) काढून आणलं. त्यानंतर वर्षभर घरीच बसलाय. आता बेलापूरचा एक एजंट आखातातल्या टँकरवर ट्रेनी ओएस (शिकाऊ खलाशी) म्हणून लावतो म्हणतोय. तीन लाख, निम्मे आत्ता. शिवाय पासपोर्ट, सीडीसी, कार्ड सगळं ओरिजिनल त्याच्या ऑफिसात ‘फाइल लावायला’. पावती मागितली तर म्हणे, “विश्वास नसेल तर राहू दे, मागे रांग आहे.”

आमचे आजोबा बोटीवर सारंग (खलाशांचे मुकादम) होते. ते सीडीसीला ‘नली’ म्हणायचे, कारण ती पत्र्याच्या नळीत गुंडाळलेली असायची. ती नळी त्यांनी आजीच्याही हाती कधी दिली नाही. म्हणून मन धजत नाही.

वाचलं ते असं: आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) २००३ च्या १८५ क्रमांकाच्या करारानुसार ओळखपत्र खलाशाकडेच राहायला हवं. खलाशाने लेखी संमती दिली तरच कॅप्टन ते सांभाळायला ठेवू शकतो. पण हे झालं कार्डाचं. सीडीसी आणि पासपोर्टचं काय? आणि पैशांचं? एजंट म्हणतो, “ते कायदे परदेशी जहाजांना.”

प्रतिसाद (निवृत्त बोसन, म्हणजे सारंगच):
थापा मारतोय. १८५ आणि एमएलसी २००६ (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार), दोन्ही भारताने २०१५ मध्ये मान्य केलेत. एमएलसीप्रमाणे नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. त्याच्या खिशातून जायचा तो मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्टचा खर्च, बस. भरतीबद्दल आपल्याकडे २०१६ चे नियमही आहेत.

जहाजावर चढल्यावर कॅप्टन पासपोर्ट-सीडीसी तिजोरीत ठेवतो, बंदरात इमिग्रेशनला लागतात. त्यात वावगं काही नाही. किनाऱ्यावरच्या ऑफिसात मात्र झेरॉक्स द्या. ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या. व्हिसासाठी द्यावीच लागली तर तारखेसकट पावती घ्या. पावतीला चिडणारा माणूस मी तरी टाळला असता.

आधी त्याचा आरपीएसएल (खलाशी भरतीच्या सरकारी लायसनचा) नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या (जहाजांच्या सरकारी खात्याच्या) साइटवर तपासा, मुदत संपलेली नाही ना तेही बघा. नोकरीच्या कराराची (एसईए) सही झालेली एक मूळ प्रत पोराच्या हातात पडल्याशिवाय विमानात बसू देऊ नका. टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणाला तर तिथेच उठा.

धागाकर्ता:
दादा, आत्ताच फोन केला. नंबर विचारल्यावर म्हणाला, “आमचं एका लायसनवाल्याशी टायअप आहे.” हे चालतं का?

निवृत्त बोसन:
मग थेट त्या लायसनवाल्याच्या ऑफिसात जा आणि हे जॉइनिंग खरं आहे का विचारा. मधल्या माणसाला एक रुपयाही नको. कागद घरीच ठेवा, नळीत.