घरच्या कॉम्प्युटरचं पॉवर बटण: दाबल्यावर काय व्हावं?

शहापूरकर, बेळगाव
माझं मत स्पष्ट आहे. घरच्या डेस्कटॉपचं पॉवर बटण निकामी करून ठेवावं. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, बटण दाबल्यावर काय करायचं ते तिथं निवडता येतं: काहीच नको, स्लीप (काम तसंच ठेवून मशीन झोपवणं), शटडाउन (पूर्ण बंद) वगैरे. मी ‘काहीच नको’ ठेवलंय. घरी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवतो, मराठी आणि कन्नड दोन्ही. कॅबिनेट टेबलाखाली. पोरं खेळतात, कुणी केर काढतं, धक्का लागतो. कन्नड मजकूर मी शेजाऱ्यांकडून तपासून घेतो, तो गेला की सगळं पहिल्यापासून. बंद करायला स्टार्ट मेनू आहे की.

खानापूरवाली
दादा, तुमच्याकडं लाईट टिकते म्हणून हे जमतंय. कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईनवर झाड पडलं की संपलं. आमच्या यूपीएसवर, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ चालवणाऱ्या बॅटरीवर, फक्त कॅबिनेट आहे, मॉनिटर नाही. करंट गेला की स्क्रीन काळी, माऊसचा बाण कुठाय ते कळत नाही. अंधारात हाताला लागतं ते एकच बटण, आणि तेच तुम्ही मारून टाकायला सांगताय! मग चार-पाच सेकंद दाबून धरायचं, म्हणजे सरळ वीजच तोडायची. न सेव्ह केलेलं जातंच, वर डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर तेही बिघडतं. बटणाला शटडाउनच हवं.

निपाणीकर
ताई, अडचण खरी आहे, पण शटडाउननं ती सुटत नाही. सेव्ह न केलेली फाईल उघडी असली की विंडोज मध्येच थांबून विचारतं, अमुक प्रोग्रॅम चालू आहे, तरी बंद करू का? स्क्रीन काळी असताना ते वाचणार कोण? तोवर यूपीएस संपतो. हायबरनेट लावा. रॅममधलं, म्हणजे वीज असेतोवरच टिकणाऱ्या मेमरीतलं, सगळं डिस्कवर उतरतं आणि मशीन पूर्ण बंद होतं. लाईट आल्यावर सुरू करा, पत्रिका होती तशी समोर. पोरानं बटण दाबलं तरी कन्नड मजकूर शाबूत.

शहापूरकर, बेळगाव
मजकूर राहील हो, पण चालू प्रिंट थांबेल त्याचं काय? गिऱ्हाईक दारात उभं असतं. शिवाय हायबरनेट माझ्या यादीत दिसतच नाही. त्यापेक्षा स्लीप बरं, लगेच जागं तरी होतं.

खानापूरवाली
स्लीपमध्ये रॅमला वीज लागतेच. आमच्याकडं लाईट रात्रभर येत नाही, यूपीएस किती वेळ पुरणार?

निपाणीकर
हायब्रिड स्लीप चालू असेल तर डिस्कवरही प्रत राहते, पण यूपीएसवर असताना मशीन पूर्ण बंद झालेलं बरं. हायबरनेट यादीत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि powercfg /hibernate on ही आज्ञा टाइप करून द्या. रॅमच्या साधारण ४० टक्के जागा डिस्कवर अडते, तेवढी मोकळी ठेवा.

टिळकवाडीचे काका
तुम्ही सगळे कामवाल्यांचं बोलताय. आमच्या घरी कॉम्प्युटर आई वापरते, पुण्याच्या नातवाशी बोलायला. तिला स्टार्ट मेनू सापडत नाही, बटण सापडतं. शहापूरकरांचा उपाय आमच्याकडं केला तर ती भिंतीवरचा स्विचच बंद करेल. ज्याला सगळ्यात कमी येतं त्याच्या सोयीनं बटण लावावं.

शहापूरकर, बेळगाव
काका, तुमच्या घरात ते बरोबर. माझ्याकडं लग्नसराई संपेपर्यंत ‘काहीच नको’च राहणार. मॉनिटर मात्र यूपीएसवर घेतो.

खानापूरवाली
मी हायबरनेट लावते. पावसाच्या आधी एक साधी फाईल उघडी ठेवून यूपीएसची पिन काढून बघणार, नुसतं बटण दाबून परत येते का ते.