मदत हवी आहे: स्पायरोपायरनची फिल्म लवकर पिवळी पडते

नमस्कार मंडळी. खानापूर-निपाणी भागातल्या मराठी शाळांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकाशाने रंग बदलणाऱ्या काचपट्ट्या करतोय. १० मिली टोल्युइनमध्ये १ ग्रॅम पीएमएमए (अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक) पूर्ण विरघळवून १० मिलिग्रॅम नायट्रो-स्पायरोपायरन (प्रकाशाने रंग बदलणारे रंगद्रव्य) घालतो आणि काचेवर पातळ थर देतो (हे काम मुलांपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून). ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली गडद जांभळा रंग येतो, हिरव्या एलईडीने किंवा उबेने जातो.

पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत थर दुधाळ होतो, कारण टोल्युइन उडताना पृष्ठभाग गार पडून त्यावर बाष्प बसते. वर पेट्री डिश पालथी घालून सावकाश वाळवले की ते बरेचसे टळते.

खरी अडचण वेगळी आहे. वारंवार प्रकाश दिला की जांभळा फिका होत जातो आणि कायमची पिवळी झाक उरते. नायट्रो गटामुळे रेणू ट्रिप्लेट अवस्थेत (प्रकाश शोषल्यावरची जास्त टिकणारी उत्तेजित अवस्था) जातो आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात तुटतो. रंगद्रव्याची मात्रा वाढवणे हा उपाय नाही, रेणूंचे गुच्छ होतात.

जाणकारांनी सांगावे:
हाल्स स्थिरक (प्लास्टिकला प्रकाशाच्या माऱ्यापासून वाचवणारे अमाइन) ०.५ टक्का घातल्यास रंग परतण्याचा वेग बदलतो का?
ऑक्सिजन अडवायला वरून पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) थर दिला तर पीएमएमएवर नीट चिकटेल का? शिवाय पीव्हीए ओलावा धरते, मग आपल्याकडच्या जुलैत ते कितपत टिकेल?

असेच रंग बदलणारे दुसरे द्रव्य नॅफ्थॉक्साझिन जास्त टिकते, पण उन्हातून आत आणताच काही सेकंदांत रंग उडतो. मुलांना निवांत पाहता येत नाही. तिसरे द्रव्य डायअरिलइथीन अंधारातही रंग धरते, मात्र महाग. १ ग्रॅमच्या पॅकमध्ये ते बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापुरात कुठे मिळेल?