चालती गाडी मध्येच बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. पंप झाला, कॉइल झाली, आता काय?

वहीवाले_काका (वाई)
नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची, पेट्रोल, एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, इंजेक्शनवाली), १ लाख ३८ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वीस वर्षं निमूट राबलेल्या बैलाची बाजारात बदनामी कशाला करायची?

मोजणी खात्यात ३१ वर्षं भूकरमापक होतो, त्यामुळे नोंद ठेवायची खोड. मार्चपासून गाडी सात वेळा बंद पडली, सातही वेळा वहीत आहेत. एकदाही सकाळी गार असताना नाही. प्रत्येक वेळी ४० मिनिटांपेक्षा जास्त चालल्यावर, आणि सातपैकी पाच वेळा पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढताना. जाताना बोगदा असतो, तिथे कधी त्रास नाही. बंद पडली की सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. १५-२० मिनिटं बॉनेट उघडून उभं राहिलं की पहिल्या सेल्फला चालू, जणू काही झालंच नाही.

शेवटच्या वेळी वळणावर बंद पडली. स्टिअरिंग दगडासारखं झालं, मागे उसाची ट्रॉली. हिने उतरून चाकामागे दगड लावला आणि तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते.

मेस्त्रींनी आधी पेट्रोल फिल्टर आणि प्लग बदलले, मग कॉइल, मग टाकीतला पंप. ९,४०० रुपये गेले. पंप बदलल्यावर चौथ्याच दिवशी पुन्हा तेच. आता ते म्हणतात ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) गेला, ‘जुन्या बाजारातून बघू’. बघू का?

डोंबिवलीकर_८८
काका, ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा प्रताप असणार. जुन्या गाड्यांचे रबर पाइप खराब होतात.

पाना_बारा_तेरा
थांबा, ईसीएमला हात लावू नका. पाइपाला चीर पडली तर आधी वास येईल, पण वीस मिनिटांनी चीर बुजणार नाही. गरम झालं की मरतं आणि गार झालं की उठतं, असं काहीतरी शोधायचंय.

काका, एकच सांगा. गाडीला आरपीएमचा काटा आहे का? असेल तर बंद पडताना तो कसा पडतो? गाडी गिअरमध्ये घरंगळत असेपर्यंत चाकं इंजिन फिरवत असतात. पेट्रोल कमी पडलं तर आधी झटके येतात, ओढ कमी होते आणि काटा वेगाबरोबर हळूहळू उतरतो. इंजिन फिरत असूनही काटा एकदम शून्यावर आपटला, तर ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. तसं झालं तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरवर. त्याच्या आत केसाएवढ्या तारेचं वेटोळं असतं, तापलं की तुटलेलं टोक सुटतं, गार झालं की चिकटतं.

वहीवाले_काका
काटा आहे, वरचं मॉडेल घेतलं होतं. पण बंद पडताना काट्याकडे बघायचं सुचलंच नव्हतं, डोळे आरशातल्या ट्रॉलीवर. पुढच्या वेळी बघतो.

वायरिंग_कट्टा
सेन्सर असेल, नसेलही. मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच) आणि किल्लीचा स्विच विसरू नका. जुन्या रिलेच्या आतल्या डाखाला (सोल्डरला) बारीक तडा जातो, तोही गरम झाल्यावरच छळतो. रिले सुटला तरी काटा धाडकन पडतो, म्हणून निव्वळ काट्यावर जाऊ नका. बंद पडल्यावर गाडी बाजूला घेऊन किल्ली ऑन करा आणि मागच्या सीटखाली कान द्या. पंप दोन सेकंद ‘घूं’ करतो का? करत असेल तर रिले आणि पंपाचा करंट ठीक. त्यानंतर सेल्फ मारताना काटा जरासुद्धा हलत नसेल, तर पाना भाऊंचं बरोबर.

स्कॅनर मिळाला तर पी०३३५ (क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा) कोड दिसतो का बघा. पण २०१० च्या आधीच्या गाडीशी बाजारातला स्वस्त ब्लूटूथवाला बहुतेक बोलणारच नाही.

आणि किल्लीच्या जुडग्यात घराच्या सगळ्या चाव्या अडकवल्या असतील तर काढा. त्या वजनाने स्विच झिजतो.

पाना_बारा_तेरा
+१. आणि चालत्या गाडीत बंद पडलं तर घाबरून किल्ली पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक सारखा पंप करू नका. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच हवा-ओढ उरते, एकदाच दाबून धरा.

वहीवाले_काका
नोंद क्र. ८. काल दुपारी, खंबाटकी, तिसऱ्या गिअरमध्ये. या वेळी डोळे काट्यावर. २,६०० वरून एकदम शून्य, आणि गाडी अजून पन्नास-साठ फूट चालतच होती! बाजूला घेतली. हिला मागे कान द्यायला लावलं. ‘घूं’ आलं. सेल्फ मारला, काटा जागचा हलला नाही. बाटलीतलं पाणी फडक्यावर घेऊन सेन्सरच्या बुडाला धरलं. पाच मिनिटांत गाडी चालू. एरवी वीस लागतात.

आज मेस्त्रींकडून सेन्सर काढून घरी आणला. दोन वायरींचा आहे. मल्टिमीटरवर गार असताना ५६० ओहम. मग हिचा केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि सेन्सर हाताला चटका बसेपर्यंत तापवला. ६४०, ६९०, आणि मग मीटरवर ‘ओएल’ (मापाबाहेर). म्हणजे वेटोळं तुटलं. ड्रायर खाली ठेवला, चहा होईपर्यंत पुन्हा ५९०. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, ‘एवढ्याशा तुकड्यासाठी नऊ हजार?’ उत्तर दिलं नाही.

नवा १,१५० ला मिळाला. मेस्त्रींना दोष देत नाही, माणूस भला आहे, पण त्यांच्या दारात गाडी नेहमी गारच पोचायची. गार गाडीत दुखणं दिसणार कसं?

वायरिंग_कट्टा
मस्त! पण नवा बसवण्याआधी सेन्सरच्या वायरीचा मार्ग बघा. क्लिप तुटून ती एक्झॉस्टला टेकत असेल तर नव्याचंही तेच होईल.

वहीवाले_काका
टेकत होती. कव्हर वितळून तांबं दिसायला लागलं होतं. नवं कव्हर घालून दोन केबल टाय लावले. परवा हिला घेऊन पुण्याला. दगड डिकीतच आहे, ही काढू देत नाही.