सीएमए इंटर आणि नोकरी: डिसेंबरच्या परीक्षेचं वेळापत्रक कसं बसवायचं?

(सोसायटीतल्या शेजाऱ्यांचं बोलणं; नावांऐवजी फ्लॅट नंबर.)

ए-२०४: नमस्कार. एक विचारायचं होतं. बी.कॉम. झाल्यावर मी सीएमए इंटरला (कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेचा मधला टप्पा) नाव नोंदवलंय. नोकरी चाकणला, अकाउंट्समध्ये. सकाळी ७:३० ची बस, घरी यायला रात्रीचे ८. डिसेंबरला दोन्ही ग्रुप (चार-चार पेपरांचे) द्यायचं ठरवलंय. रोज रात्री ९ ते १२ अभ्यास धरलाय. आपल्यापैकी कोणी नोकरी करून ही परीक्षा दिली आहे का?

सी-७०१: अगं, दिवसभर आकडे आणि रात्री पुन्हा आकडेच? पहाटे उठ. डोकं ताजं असतं.

डी-३०२: ऑनलाइन क्लास लाव. माझा भाचा दीडपट स्पीडने लेक्चर बघतो, वेळ वाचतो.

बी-१०३: मी नोकरीत असतानाच सीएमए केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही ग्रुप एकदम नको गं. पहिल्याचाच फॉर्म भर. कायदा, फायनान्शियल अकाउंटिंग, टॅक्स आणि कॉस्ट (उत्पादनखर्चाचा हिशोब), असे चार पेपर. प्रत्येकात ४० तर लागतातच, पण ग्रुपची बेरीज निदान ५० टक्के व्हावी लागते. चारही पेपरांत ४५ मिळाले तरी ग्रुप नापासच. अर्ध्या तयारीने आठ पेपर देणारे इथेच अडकतात. चार पेपर नीट केलेस तर ग्रुप राहिला तरी ६० किंवा जास्त गुणांच्या पेपराला पुढे सूट मिळते, मेहनत वाया जात नाही.

आणि ‘रोज तीन तास’ हे अकाउंट्समध्ये काम करणाऱ्याला जमत नाही, कारण आपला महिना सारखा नसतो. ७ ला टीडीएस (कापून ठेवलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन (विक्रीचं जीएसटी रिटर्न), १४ ला टू-बी (खरेदीवरच्या जीएसटीचा तक्ता) आलं की आयटीसी (त्या जीएसटीची वजावट) जुळवायला बसायचं, २० ला थ्री-बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न). या दिवसांत एक तास झाला तरी पुष्कळ. २१ पासून महिनाअखेरपर्यंतचे दिवस तुझे. तेव्हा तीन तास बस, रविवारी पाच. हे कॅलेंडरवर आजच रंगवून ठेव. नाहीतर १५ तारखेला चार दिवस बुडाले की वाटतं आपल्याच्याने होणार नाही, आणि पुस्तक मिटतं. चांगली मुलं मी अशी सुटताना पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगते.

सप्टेंबर हिशोबात धरूच नकोस. टॅक्स ऑडिट, ऑडिटरचे प्रश्न, व्हाउचर काढून देणं. ऑक्टोबरअखेरीला पुन्हा टीडीएसचं रिटर्न. त्यामुळे कॉस्ट आणि फायनान्शियल अकाउंटिंग ऑगस्ट संपेपर्यंत एकदा तरी पूर्ण सोडवून व्हायला हवं. कायदा बसमध्ये वाच. टॅक्समध्ये अर्धा पेपर अप्रत्यक्ष कराचा आहे. तू रोज जीएसटी करतेस म्हणून तो भाग सोपा समजू नकोस. पोर्टलवर रिटर्न भरणं वेगळं आणि टाइम ऑफ सप्लायची (पुरवठा कोणत्या तारखेचा धरायचा) गणितं वेगळी. डिसेंबरला कोणता फायनान्स अ‍ॅक्ट लागू आहे (दरवर्षी करांचे नियम त्यातून बदलतात) तेही आधी बघून घे.

ए-२०४: ताई, लेक्चरचं काय करू? माझ्याकडे पूर्ण सेट आहे.

बी-१०३: जो धडा अडेल त्याचंच लेक्चर बघ. दादा म्हणतात तसा वेळ वाचतो, पण बघितलेलं गणित आणि स्वतः सोडवलेलं गणित यात फार फरक पडतो. ३० गुण एमसीक्यूचे सोडले तर बाकी ७० हाताने लिहायचे असतात. आपण दिवसभर टॅलीवर टाइप करणारी माणसं, दुसऱ्या तासाला हात भरून येतो. इन्स्टिट्यूटच्या साइटवर मॉक टेस्ट पेपर आणि सुचवलेली उत्तरं फुकट आहेत. ऑक्टोबरपासून दर रविवारी एक पेपर, घड्याळ लावून, सलग तीन तास. पेपरांआधीची रजा मात्र आत्ताच साहेबांच्या कानावर घाल. नोव्हेंबरात मागितलेली रजा मिळेलच असं नाही.

डी-३०२: हे भाच्यालाही पाठवतो. धन्यवाद ताई.

सी-७०१: घरच्यांनीही ऐका हं. २१ ते ३० पोरीला पाहुण्यांच्या चहापाण्याला उठवू नका.

ए-४०१ (चेअरमन): यंदा गणपतीच्या वर्गणीचा हिशोब ए-२०४ कडे द्यायचं ठरलं होतं. ते काम मी घेतो. पावती पुस्तकं रविवारी माझ्याकडे आणून दे. आणि पहाटे घरी जागा नसेल तर सोसायटीचं ऑफिस ५ ते ७ वापर, कमिटीची हरकत नाही.

ए-२०४: काका, खूप खूप आभार. घरी आजी झोपलेल्या असतात, दिवा लावता येत नाही. किल्ली वॉचमनकडे मिळेल का?

ए-४०१ (चेअरमन): हो, आज रात्री देऊन ठेवतो. तिथली ट्यूब गेली आहे, उद्या इलेक्ट्रिशियन येईल. सोमवारपासून बस.

बी-१०३: पहिला ग्रुप झाला की माझी कॉस्टची वही घेऊन जा. नाही, आत्ताच ये. प्रोसेस कॉस्टिंगपासून (टप्प्याटप्प्याने होणाऱ्या उत्पादनाचा खर्च) सुरुवात करू, शनिवारी ४ ला.