मदत हवी आहे: वासोटा किल्ला, २२ जणांचा गट, काहींना नागेश्वरची गुहाही करायचीय. बेत तपासून द्या

यवतेश्वर_पायथा:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी साताऱ्याहून वासोटा ठरवतोय. कॉलेजची पोरं ८, चाळिशीतले ११, साठीपुढचे ३. पोरांना नागेश्वर करायचंय, बाकीच्यांना फक्त किल्ला. बोटीने पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरून तिथून सगळे बरोबर निघायचं, फाट्यावर वेगळं व्हायचं आणि संध्याकाळी बोटीपाशी भेटायचं, असा विचार आहे. हे जमेल का? माणशी पाणी किती धरायचं? आणि साठीच्या तिघांना चढ झेपेल की नाही, हे आधी कसं ओळखावं?

कांदाटी_खोरं:
दादा, फाट्यावर गट फोडू नका. कोयना अभयारण्यात मुक्कामाला बंदी आहे, त्यामुळे संध्याकाळच्या बोटीला सगळे हजर असावेच लागतात. नागेश्वरची वाट लांबची, त्यातून जंगलात मोबाईलला रेंज नाही. आठातल्या एकाचा पाय मुरगळला तर काठावरच्या चौदांना कळणार कसं? नागेश्वर करायचं तर पोरांनी वेगळ्या दिवशी, वाटाड्या घेऊन, फक्त तेवढंच करावं.

आता किल्ल्याचा हिशेब. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पूर्ण भरलेला असताना पाण्याची पातळी साधारण ६५९ मीटर आणि किल्ला ११७१ मीटर. म्हणजे चढ पाचशे मीटरच्या थोडा वर. डिसेंबरात पाणी बऱ्यापैकी वर असतं, बोट जवळ लागते. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की काठापासूनच चाल वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात गेलेल्यांच्या वेळा तुम्ही धरू नका.

साताऱ्याहून पहाटे ५ला निघा आणि बामणोलीत पहिली बोट गाठा. एका बोटीत डझनभर माणसं बसतात, तुम्हाला दोन लागतील. वनखात्याच्या परवान्यासाठी प्रत्येकाचं ओळखपत्र वर काढून ठेवा. बावीस जणांनी तिथे पिशव्या उपसल्या की अर्धा तास गेलाच. बोटीचा तास-दीड तास, चढायला अडीच-तीन तास. दुपारी दीडला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा दहा मिनिटांवर असला तरी. हे बोटीत बसण्याआधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या, कारण वर पोचल्यावर बाबूकडा बघायचा सोडून कुणी ऐकत नाही.

रानजांभूळ:
पाण्याचं सांगते. माणशी ३ लिटर: दीड चढताना, एक उतरताना, अर्धा राखीव. बाटल्या स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या घ्या. चौकीवर प्लास्टिक मोजून अनामत घेतात, येताना तेवढंच दाखवावं लागतं. बिस्किटांचे पुडे घरीच सोडून डब्यात भरा, मोजणी लवकर उरकते.

ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायची. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी टाकली की पाणी फार खारं होतं, मळमळतं, मग माणूस पाणीच पीत नाही आणि पायात गोळे येतात.

अंगाला अत्तर नको, वर शेकोटीही नको. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, वासाने आणि धुराने उठतात.

कांदाटी_खोरं:
ताईंचं मोहोळाचं अगदी बरोबर. गवा दिसला तर जागीच थांबा, त्याची वाट मोकळी सोडा. फोटोसाठी पुढे सरकायचं नाही, ओरडायचंही नाही.

साठीच्या तिघांचं. दोन आठवडे आधी, त्या दिवशीची पिशवी पाठीला लावून अजिंक्यतारा सलग दोनदा चढा-उतरायला सांगा. दुसऱ्या चढाला न थांबता एक पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा दुखला तर वासोटा नको. दम पुरतो, उतरताना गुडघाच दगा देतो. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी बामणोलीहून वेगळ्या बोटीने दत्त मंदिर आणि कोयना, सोळशी, कांदाटीचा संगम आहे. त्यांचा दिवसही छान जातो.

यवतेश्वर_पायथा:
खूप आभार, नागेश्वर रद्द. एक राहिलं: उतरताना रांग कशी लावावी?

रानजांभूळ:
चढताना सगळ्यात सावकाश चालणारा पुढे, म्हणजे रांग तुटत नाही. उतरताना वाट ओळखणारा पुढे, दमलेले त्याच्या मागे आणि पक्का माणूस शेवटी. त्याच्या मागे कुणीही थांबायचं नाही, लघवीलासुद्धा. प्रत्येकाने आपल्या पुढच्या-मागच्याचं नाव लक्षात ठेवावं, फाट्यावर आणि ओढ्यावर मोजणी करावी. उतारावर वाळल्या पानांखाली सुटे दगड असतात, टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवा. तोल गेला की हात हमखास वाटेकडेच्या कारवीच्या झुडपाकडे जातो. वाळलेली कारवी कडकन मोडते, तिचा आधार धरू नका. पायाची नखं दोन दिवस आधी कापा आणि उतरायच्या आधी बुटाची नाडी घोट्यापाशी आवळून बांधा. नाहीतर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.