मदत हवी आहे : बंद पडलेल्या पेट्रोल पंपाशेजारच्या प्लॉटची माती आणि पाणी कसे तपासावे?

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या एका जुन्या उपनगरात आमचा सामाईक मालकीचा सुमारे सहा गुंठ्यांचा प्लॉट आहे. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या दोन भावांनी मिळून घेतलेली ही जागा आता विकसनासाठी द्यावी, असे तिन्ही घरांचे ठरत आले असून करारनाम्याचा मसुदाही हाती आला आहे. अडचण अशी, की प्लॉटच्या उत्तरेकडील भिंतीला लागून १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत एक पेट्रोल पंप होता. पंप बंद झाला, पुढे तेथे काही वर्षे गॅरेज चालले आणि आता फर्निचरचे दुकान आहे. परंतु जमिनीखालच्या टाक्या उपसून नेल्या, वाळूने भरल्या की तशाच राहिल्या, हे खात्रीने सांगणारे कोणीही भेटत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला आमची जुनी बोअर आहे. तिच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, उन्हाळ्यात तो अधिक जाणवतो आणि पाणी बादलीत स्थिर राहिले की त्यावर रंगीत तवंग दिसतो.

बिल्डरच्या मते पंचवीस वर्षांत जे उडून जायचे ते उडून गेले आहे. त्यांच्या नकाशात एक तळघर आणि त्याखाली यांत्रिक पार्किंगचा खड्डा आहे, म्हणजे खोदाई सुमारे पाच मीटर जाईल. आमचे बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या बरेच आत असल्यामुळे २००६च्या अधिसूचनेखालील पर्यावरणीय मंजुरी लागत नाही आणि म्हणून मातीत इंधन आहे का, हा प्रश्न परवानगीच्या वाटेवर कोणीच विचारणार नाही, असे आमच्या वास्तुविशारदांनी सांगितले. पायासाठी जी माती तपासणी होते, तिच्यात भारवहन क्षमता पाहिली जाते. वास कोणी लिहून ठेवत नाही. प्रयोगशाळेच्या दरपत्रकातल्या नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीतही बेंझीन या पेट्रोलमधल्या विषारी घटकाचा उल्लेख मला आढळला नाही.

अमेरिकेत जमीन खरेदीपूर्वी आधी कागदपत्रांतून जागेचा इतिहास काढायचा आणि संशय आला तरच भोके घ्यायची, अशी दोन टप्प्यांची पद्धत रूढ आहे, एवढे मी वाचले आहे. मात्र तिथली बरीचशी उदाहरणे वाळू आणि गाळाच्या जमिनीतली आहेत. आमच्याकडे दोन-तीन मीटर मुरूम आणि खाली काळा दगड. पाणी भेगांतून वाहत असेल, तर दोन बोअर स्वच्छ निघाल्या आणि तिसऱ्या जागी भेगेतून इंधन येत राहिले, असे होऊ शकते का? स्वच्छ अहवालावर विश्वास ठेवता येईल अशी तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हा माझा मुख्य प्रश्न आहे. खर्चाची तयारी आहे. निरुपयोगी अहवालावर खर्च करण्याची नाही. सही करण्यापूर्वी हे उरकायचे आहे.

प्रतिसाद :

ताई, मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमची शंका रास्त आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात, मांजऱ्या (सच्छिद्र) खडकात आणि सांध्यांत असते. घट्ट काळ्या दगडातून ते केवळ भेगांच्या वाटेने जाते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पाण्यावर तरंगते आणि पावसाळ्यात पातळी चढली की वर, उन्हाळ्यात खाली, असे हलत मधल्या साऱ्या पट्ट्याला माखून ठेवते. उन्हाळ्यात वास वाढण्याचे हे एक कारण असू शकते. उघड्यावरचे पेट्रोल उडून जाते हे खरे, पण जमिनीखाली हवेअभावी ते दशकानुदशके राहू शकते.

पहिली गोष्ट, बादलीतला तवंग काडीने मोडून पाहा. तो काचेसारखे तुकडे होऊन तसाच राहिला, तर लोह-जिवाणूंचा असण्याची शक्यता अधिक. मोडून पुन्हा एकत्र आला, तर तेलाचा. ही परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेत नाही, परंतु वास आणि तवंग यांची कारणे वेगवेगळी असू शकतात हे लक्षात येते.

दुसरी, बोअरच्या पंपाने काढलेला नमुना पाठवू नका. पंप तळाशी असतो आणि तरंगणारे तेल वर राहते. शिवाय जुन्या बोअरला केसिंग (भोकाच्या भिंतीला आधार देणारा पाइप) फक्त वरच्या काही मीटरांत असल्याने खालच्या भेगांचे स्वच्छ पाणी मिसळून आकडे खोटे कमी येतात. बेलर नावाची अरुंद नळी दोरीने सोडून पाण्याचा वरचा थर घ्यावा आणि तो ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भरून बर्फात पाठवावा. प्लास्टिकच्या बाटलीत दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या नमुन्यात बेंझीन आढळले नाही, याला काही अर्थ नाही.

नव्या भोकांबद्दल एक इशारा. दोनशे फुटांची बोअर मुळीच घेऊ नका, कारण वरच्या थरातले इंधन खालच्या पाण्यापर्यंत पोहोचवणारी ती आयती वाट ठरेल. आधी भिंतीलगत जेसीबीने कठीण दगड लागेपर्यंत चर खणावेत. मुरुमातले डाग आणि वास डोळ्यांना-नाकाला तेथेच कळतात, आणि उभी भोके चुकवतात त्या उभ्या भेगाही चरात दिसतात. बेसॉल्टमध्ये माझा भर चरावरच असतो. भोके त्यानंतर, चरात दिसलेल्या भेगांच्या रोखाने आणि पहिले पाणी लागेपर्यंतच. पायाच्या तपासणीची भोके तशीही घ्यावी लागणार आहेत. त्यांचा आराखडा यात जुळवला तर खर्च वाचेल. पाण्याचे नमुने मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा घ्यावेत.

घटकांमध्ये बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन, झायलीन, नॅफ्थॅलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन हवेतच. देशभर शिसेविरहित पेट्रोल फेब्रुवारी २०००पासून आले आणि तुमचा पंप त्याआधीचा, म्हणून मातीत शिसेही पाहा. शिसेयुक्त पेट्रोलात शिशाबरोबर सहसा एथिलीन डायब्रोमाइड असे. त्याची अमेरिकेतली पेयजलाची मर्यादा लिटरमागे ०.०५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे तिथल्या बेंझीनच्या मर्यादेच्या शंभरावा भाग. प्रयोगशाळा इतके सूक्ष्म मोजू शकते का, हे नमुना देण्यापूर्वी विचारा.

तळघराचा मात्र गंभीर फेरविचार व्हावा. पाच मीटर खोदून पाणी उपसायला लागलात की शेजारचे दूषित पाणी तुमच्याकडे ओढले जाईल आणि ते पावसाळी गटारात सोडले तर जबाबदारी तुमची. पेट्रोलची वाफ हवा खेळत्या मातीतून वर येताना जिवाणू तिचे विघटन करतात. म्हणून वाफ इमारतीत शिरू नये यासाठी २०१५च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत इमारतीच्या तळाखाली विरघळलेल्या प्रदूषणासाठी सहा फूट आणि तरंगत्या इंधनासाठी पंधरा फूट स्वच्छ मातीचे अंतर धरले आहे. भेगाळ खडकाला हे आकडे तसेच लागू होत नाहीत, पण तळघर खोदल्यावर ते अंतरच उरत नाही, हे तर उघड आहे. जमिनीच्या पातळीवर चहूबाजूंनी उघडे स्टिल्ट पार्किंग ठेवल्यास निम्मी काळजी मिटते. दूषित मुरूम निघालाच, तर तो भरावासाठी कोणालाही देऊ नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रात पाठवावा लागेल.

मूळ धागाकर्ती :

मनापासून आभार. चराची कल्पना आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती. तळघर वगळण्याचा विषय बिल्डरपुढे ठेवला असून, तपासणीचा निकाल येईपर्यंत ताबा द्यायचा नाही आणि शेजारून आलेल्या प्रदूषणाचा खर्च जमीनमालकांवर टाकायचा नाही, अशी दोन कलमे वकिलांना लिहायला सांगितली आहेत. जुलै २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या दूषित स्थळांच्या नियमांत खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे. मात्र येथे पंपचालक, तेल कंपनी आणि जागेचा आजचा मालक असे तिघे असल्याने बोट कोणाकडे दाखवायचे, हे टाक्यांचा नकाशा मिळाल्याशिवाय ठरणार नाही.

पंपाच्या परवान्याबरोबर मंजूर झालेला तो नकाशा नागपूरच्या पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) कार्यालयाकडून किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या ना-हरकत प्रमाणपत्राच्या जुन्या फायलीतून माहितीच्या अधिकारात कोणी मिळवला आहे का? शेजारच्या जागेचा मालक नसलेल्या अर्जदाराला तो देतात का, आणि अर्जात परवाना क्रमांक ठाऊक नसताना काय लिहावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.